तिरंदाजांचा रखवालदार

रघुपतीअण्णांचा अर्धा जन्म चिकपेटेच्या बाजारात एका दुकानात साड्यांच्या घड्या घालण्यात गेला. त्र्याण्णव साली दुकान बंद पडलं, तेव्हा आमच्याच समाजातल्या प्रतापरावांनी त्यांना शहराबाहेर, बेळ्ळंदूरपलीकडच्या एका तळ्यावर राखणीला ठेवलं. मासळीचा ठेका प्रतापरावांचा. पाणकावळे हाकलायचे, एवढंच काम. माळकरी माणूस मासळी राखतो म्हणून आम्ही अण्णांची यथेच्छ चेष्टा केली.

तिथे त्यांना तिरंदाज भेटले. पाणकावळ्याचे हे भाऊबंद. तसेच काळे, तसेच पंख पसरून उन्हात वाळत बसणारे. पण पाणकावळ्याची चोच टोकाला वाकडी, तो मासा पकडतो. तिरंदाजाची सुईसारखी सरळ, तो भोसकतो. पाणकावळे काठच्या उथळ पाण्यात टोळीनं घुसायचे. तिरंदाज एकटाच खोल पाण्यात, सगळं अंग बुडवून, नुसती मान वर काढून पोहायचा. पाण्यातल्या बाभळीवर त्यांच्या एका जोडप्याचं घरटं होतं, त्यात पांढरी पिल्लं. रविवारी मी गेलो की निपुत्रिक अण्णा त्या पिल्लांचंच पुराण लावायचे.

"दोन्ही काळे, दोन्ही चोर. घरटं पाडून टाका, रघुअण्णा," प्रतापराव म्हणाले.

"स्वल्प थांबा, प्रतापराव. चोर ते पाणकावळे. त्यांचा बंदोबस्त मी करतो, ह्यांना हात लावू नका."

आणि अण्णांनी जुनी जाळी आणून काठापासून जरा आत पाण्याखाली ताणली. पाणकावळे लबाड, ते काठालाच चरत राहिले. सकाळी जाळीत फिक्या मानेची तिरंदाज मादी मेलेली सापडली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. "बरं झालं, एक कमी," प्रतापराव म्हणाले. मला त्यांचा संताप आला.

आता नर एकटा. तो माशांना गेला की घार यायची आणि पिल्लू उचलायची. अण्णा तराफा घेऊन बाभळीखाली उभे राहिले. त्यांनी हातानं मासे पुढे केले, पण ती पिल्लं बापाच्या घशात डोकं घालून खाणारी. ती मागे सरून किंचाळू लागली. माणूस पाहून बापही उतरेना, वरच घिरट्या घालत राहिला. अण्णा काठाला परतले तर पुन्हा घार आली.

मी गेलो तेव्हा ते गुडघाभर पाण्यात रडत होते. "जवळ गेलो तर उपाशी मरतात, लांब राहिलो तर घार नेते. तूच सांग, मी कुठे उभं राहू?"

बाभळीवर एकच पिल्लू उरलं होतं.