चौथा भिडू

लग्न होऊन मी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले, तेव्हा सासरे गार्डच्या नोकरीतून नुकतेच रिटायर झाले होते. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही तेच म्हणू लागले. नवराही गार्डच. मालगाडीबरोबर गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उगवायचा. सासूबाई नव्हत्या. घरात मी आणि आबा.

आबा रोज संध्याकाळी रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या क्लबात, ब्रिज खेळायला जात. त्यांच्या जोडीदाराची सोलापूरला बदली झाली आणि टेबल मोडलं. शिरूरला वडिलांनी मला हा खेळ शिकवला होता, हे मी भाजी चिरता चिरता सहज बोलून गेले. दुसऱ्या दिवशी आबा दारात चपला घालून उभे. "चल, चौथा भिडू पायजे."

सुरुवातीला बरं वाटलं. घराबाहेर पडायला मिळत होतं. पण नंतर रोजचंच झालं. ताप असो, पाहुणे असोत, सहा वाजले की निघायचं. माहेरी जायचं म्हटलं की आबा म्हणत, "आन् टेबल?"

शिवाय खेळायला मला मिळतच नसे. ब्रिजमध्ये बोली जिंकणाऱ्या जोडीत हुकमाचा रंग जो आधी बोलेल त्याने डाव खेळायचा, दुसऱ्याने पत्ते उघडे मांडून डमी व्हायचं. मी बदाम बोलले की आबा लगेच नो ट्रम्प, म्हणजे हुकूमच नको असं, बोलून डाव स्वतःकडे ओढून घेत. मी पत्ते मांडायची आणि हात मांडीवर ठेवून बसायची.

त्या हिवाळ्यात शिरूरच्या माझ्या शाळेतून मोठ्या बाईंचा निरोप आला. शिक्षिकेची जागा होती. आठवडाभर माहेरी राहायचं, रविवारी दौंडला यायचं. नवरा म्हणाला, "आबांना विचार." चार दिवस मला विचारायचा धीर झाला नाही.

पाचव्या दिवशी माझ्या हातात सात बदाम आले. मी एक बदाम बोलले. आबा थेट तीन नो ट्रम्प. एरवी मी पास म्हटलं असतं. म्हटलं, "चार बदाम."

आबांनी चष्म्यावरून पाहिलं. "चार नो ट्रम्प." ही बोली खरं तर जोडीदाराकडे किती एक्के आहेत ते विचारायची. आबांचा अर्थ एवढाच, की मुकाट्यानं डाव माझ्याकडे दे.

"पाच बदाम," मी म्हणाले.

माझ्या डावीकडे लोको शेडचे फोरमन बसले होते, उजवीकडे एक क्लार्क. फोरमन म्हणाले, "डबल." म्हणजे हा डाव बुडणार. आबा पास झाले. त्यांनी पत्ते मांडले. एकेक पत्ता टेबलावर आपटत मांडला.

पाच बोलल्यामुळे अकरा हात करायचे होते, चारला दहा पुरले असते. चौकट आणि किलवरचे एक्के विरुद्ध जोडीकडे होते, ते दोन हात गेले. मग सगळं इस्पिकच्या राणीवर आलं. ती फोरमनकडे असेल असं धरून मी डमीतला गुलाम लावला. राणी उजवीकडच्या क्लार्ककडे निघाली. दहाच हात झाले. एक कमी.

"बघ," आबा म्हणाले.

"आबा, सूनबाईंचे चार बदाम बरोबर व्हते," फोरमन पत्ते गोळा करत म्हणाले. "तुम्ही वर ढकललंत. कुठं शिकलात हो सूनबाई?"

"शिरूरला." आणि तेवढ्याच धिरावर मी पुढं बोलले, "तिथल्या शाळेत जागा आहे. मला बोलावलंय."

"मंग जावा की."

आबा पत्ते पिसत होते. "ही गेल्यावर चौथा तू आणतो का?"

सगळे हसले. मीही हसले. मग पत्ते वाटले गेले आणि मी माझे उचलून लावायला घेतले.

घरी येताना आम्ही रूळ ओलांडले. पलीकडे आल्यावर आबा म्हणाले, "चारवर थांबायला पायजे व्हतं मी." मी हो म्हटलं. शाळेचा विषय त्यांनी काढला नाही, आणि माझ्याच्यानं परत काढवला नाही. महिन्याभरात ती जागा भरली.

त्यानंतर मात्र आबा माझ्या बदामांना पाठिंबा देऊ लागले. मी पुष्कळ डाव खेळले, त्यातले बरेच जिंकलेही. पुढं नवऱ्याची मनमाडला बदली झाली आणि आबा दिरांकडे राहायला गेले. मनमाडच्या इन्स्टिट्यूटमध्येही ब्रिजचं टेबल होतं. मला खेळता येतं, हे मी तिथं कुणालाच कळू दिलं नाही.