भोंगेवाल्या आक्का

कुणाच्याही घरात पाऊल ठेवलं की आक्का आधी टाळी वाजवायच्या. एकच, खणखणीत. मग मान तिरकी करून क्षणभर उभ्या राहायच्या आणि खोली काय उत्तर देते ते ऐकून झाल्यावरच माणसांकडे वळायच्या. नमस्कार, पाणी, ख्यालीखुशाली हे सगळं त्यानंतर.

मला बघायला जयसिंगपूरला आल्या तेव्हाही त्यांनी हेच केलं. पोह्यांचा ट्रे घेऊन, आईनं बजावल्याप्रमाणे मान खाली घालून मी बाहेर येत होते. तेवढ्यात टाळी कडाडली आणि पोहे माझ्या नव्या साडीवर. घरचे, पाहुणे, सगळे गार. आक्का मात्र आढ्याकडे बघत म्हणाल्या, "खोली झ्याक हाय. घुमत न्हाय." माझ्याबद्दल एक अक्षर नाही! नवऱ्यामुलाची थोरली बहीण म्हणून आलेली बाई, आणि तिला पसंत पडली कोण, तर आमची खोली. मी तेव्हा नुकतीच बी. ए. झालेली. कमरेखाली वेणी, नाकाच्या शेंड्यावर राग. मनात म्हटलं, या घरात पडले तर हिला दाखवीन. पडले. काय दाखवलं ते सांगतेच, हसायची तयारी ठेवा.

लग्न होऊन कोल्हापुरात आले तर आमच्या सोप्याच्या, म्हणजे बाहेरच्या खोलीच्या, दोन कोपऱ्यांत दोन अजस्र भोंगे. खाली माणसाच्या छातीएवढं लाकडी खोकं आणि त्यावर धोतऱ्याच्या फुलासारखं उमललेलं, परातीहून मोठं लाकडाचं तोंड. दोन दिवस मी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी ह्यांना हळूच विचारलं, "मांडववाल्यानं मांडव उतरवला, भांडी नेली. हे भोंगे कधी नेणार?"

हे म्हणाले, "ते आपलेच आहेत. आक्कानं केलेत."

मग हळूहळू उलगडा झाला. मामंजींचं उद्यमनगरात पॅटर्नचं दुकान होतं. फौंड्रीत काही ओतायचं तर आधी त्याचा लाकडी पॅटर्न करावा लागतो. तो वाळूत दाबायचा, काढायचा आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. आक्का परकरात होत्या तेव्हापासून तिथं रंधा मारत होत्या आणि मामंजींच्या मागे दुकान त्यांनीच चालवलं. गावातलं एक जुनं थिएटर मोडलं तेव्हा लोकांनी तिथल्या खुर्च्या नेल्या, पंखे नेले. आक्कांनी पडद्यामागचा आवाज आणला. म्हणजे, स्पीकरची जुनी जडशीळ युनिटं भंगारवाल्याकडून शोधून काढली आणि त्यांना शोभतील अशी तोंडं स्वतः घडवली. सागवानाची गोल कडी एकावर एक चिकटवायची, लेथवर फिरवायची, आतून तळहातासारखी गुळगुळीत करायची. पहिला भोंगा पुरा झाला तेव्हा कळलं की तो दुकानाच्या दारातून बाहेर येत नाही. फौंड्रीवाले पोट धरून हसले. आक्कांनी गवंडी बोलावून चौकट उचकटली. "दार चुकलंय," त्या म्हणाल्या, "भोंगा बरोबर हाय."

लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "केलं असतं की. पण त्याच्या घरात दोन बरं कोपरं असतील ह्याची काय खात्री?"

आता गंमत ऐका. एवढाले भोंगे, पण आवाज हळू. ते चालवणारा ॲम्प्लिफायर म्हणजे काचेच्या, बल्बसारख्या पेटणाऱ्या व्हॉल्व्हचा एक जुना डबा, वर जाळीचं झाकण. त्याची ताकद तीन वॅट. कमी विजेत जास्त आवाज देणं हीच त्या जुन्या भोंग्यांची खुबी, म्हणून तीन वॅट त्यांना पुरून उरायचे. त्या खुबीचा उपयोग दुसऱ्या कुणी गल्ली हादरवायला केला असता. आक्का भोंगे कुजबुज ऐकायला वापरायच्या. स्वतः बोलल्या तर चौकापर्यंत जायचं, पण भोंगे लावले की घरातल्या मांजरानंही पाय न वाजवता चालावं अशी अपेक्षा. "भोंगा वरडायला नसतोय गं," त्या म्हणायच्या. "हळू बोलणाऱ्याचं लांब पोचवायला असतोय." मी जयसिंगपूरची. आमच्याकडे भडंगाशिवाय कुठलाही कार्यक्रम सुरू होत नाही. पहिल्याच रविवारी सगळ्यांपुढे कुरकुरीत भडंगाच्या वाट्या ठेवल्या तर आक्कांनी सुई उचलून तबकडी थांबवली. "आधी गाणं, मग भडंग. दोन्हींचा अपमान करू नगंस."

गल्लीतल्या गणेश मंडळाची पोरं एकदा आली. "आक्का, मिरवणुकीला द्या की भोंगं."

"देतो की," आक्का म्हणाल्या. "कधी न्हेताय?"

पोरं हरखली. चहा झाला.

"पर येक हाय. तीन वॅट हाईत. मिरवणुकीत समद्यांनी गप बसून चालायचं. ढोल न्हाय, ताशा न्हाय. जमंल?"

पोरांनी कपबश्या उचलून आत नेऊन ठेवल्या आणि निघून गेली.

माझं भांडण मात्र भोंग्यांशी नव्हतं, कोपऱ्याशी होतं. मला उजव्या कोपऱ्यात शोकेस हवं होतं. काचेचं, आत ट्यूबलाइट, प्लास्टिकची फुलं, डोळे मिटणारी बाहुली आणि मधोमध पदवीच्या झग्यातला माझा फोटो. माझ्या सगळ्या मैत्रिणींच्या घरी शोकेस होतं आणि वर झगमगता टू-इन-वन. आमच्याकडे येणाऱ्यांना काय दिसायचं? धोतऱ्याची फुलं! आक्का म्हणायच्या, "कोपऱ्यातनं काढलं तर निम्मा आवाज गेला. कोपऱ्याच्या भिंती म्हंजे भोंग्याचंच पुढचं तोंड." हे शाळामास्तर. म्हणायचे, "दोघींचंही बरोबर आहे," आणि शाळेत जायचे. रविवारीसुद्धा.

शेवटी आक्कांनीच तोड काढली. "शोकेसला कोपरा देतो. भंगारवाल्याला मीच बोलावतो. पर आधी भोंगं ऐक. ऐकून नगंत म्हण. न ऐकता न्हाय."

मी ऐकलं. म्हणजे कान बंद ठेवून बसले आणि म्हटलं, "ऐकलं. नाही आवडलं."

"काय न्हाय आवडलं?"

आता आली का पंचाईत! मी ठोकून दिलं, "गाणाऱ्या बाईला सर्दी झालीय असं वाटतं."

मला वाटलं, आक्का चिडतील. त्या तर आठवडाभर उकिडव्या बसून भोंग्याच्या गळ्यात पॉलिशपेपर घासत राहिल्या. मग मला बसवलं. "आता?" आता सर्दी नव्हती. पण मी कशाला कबूल करते! "आता तबला घागरीत वाजतोय." आक्कांनी खालच्या खोक्याला दुहेरी भिंती केल्या आणि मधे वाळू भरली. मला वाटायचं, काय टोमणे मारतेय मी! बाईला कशी राबवतेय!

पण टोमणा खरा बसायचा तर ऐकावं लागतं. म्हणून आक्का दुकानात गेल्या की मी दुपारी भोंगे लावू लागले. केवळ दोष काढायला, दुसरं काही नाही. अशाच एका दुपारी एका जुन्या गायिकेची तबकडी लावली आणि पहिल्या सुराच्या आधी तिनं घेतलेला श्वास ऐकू आला. मागे तंबोरा छेडणारीच्या हातातली बांगडी एकदा किणकिणली. बाई आमच्या सोप्याच्या कडेलाच बसलेली. मी काय केलं असेल? पदर सावरून, पाय पोटाशी घेऊन नीट बसले. परकं माणूस घरात आल्यावर लोळत ऐकायचं कसं? आतून करपलेल्या डाळीचा वास आला तेव्हा कळलं की तबकडीची दुसरी बाजूही संपली होती.

मग रोजच. आणि संध्याकाळच्या आत सगळं जिथल्या तिथं. तबकडी पुसून पाकिटात, सुई जागेवर, डब्यावर भरतकामाचं फडकं. चोरी कशी करावी तर माझ्यासारखी, असा मला गर्व होता. "आलो गं, शालन!" म्हणत आक्का यायच्या, चपला काढायच्या, पहिल्यांदा कोपऱ्यात जाऊन फडक्याखाली हात घालून त्या डब्यावर तळवा टेकवायच्या आणि मग म्हणायच्या, "भूक लागलीया. वाढ." मला वाटायचं, बाई भोंग्यांना नमस्कार करते. कामावरून आल्यावर कुणी देवाला हात जोडतं, ही डब्याला हात लावते. मी मैत्रिणींना हे सांगून हसवायचे. बी. ए. ना मी!

शोकेस आलं, पण ते स्वयंपाकघराच्या बोळात. बाहुलीला फोडणीचा धूर लागून तिचे डोळे मिटायचे ते कायमचे मिटले. माझा निकाल मात्र कधी लागलाच नाही. "ऐकतेय अजून," मी म्हणायचे, "इतक्यात काही सांगत नाही." इतक्यात इतक्यात करता केस पिकले. सोप्याला फरशी बदलली, रंग बदलला, हे रिटायर झाले आणि काही वर्षांनी गेलेही. भोंगे होते तिथंच.

गेल्या वर्षी आक्कांना दवाखान्यात ठेवलं होतं. खाटेवर टेकवल्या टेकवल्या त्यांनी टाळी वाजवली. टाळी कसली, दोन वाळकी पानं एकमेकांवर घासावीत तसा आवाज. तरी मान तिरकी केली. "लई घुमतंय हितं," म्हणाल्या. "मला घरला न्या." डॉक्टरांनीही फार अडवलं नाही. त्यातून काय ते मी समजले. सोप्यात दोन भोंग्यांच्या मधे खाट टाकली.

एका दुपारी तबकडी संपली तरी आक्का डोळे मिटून होत्या. मला वाटलं, झोप लागली. तेवढ्यात त्या बोलल्या, "माझ्यामागं भंगारात जातील की गं हे."

अख्ख्या आयुष्यात त्यांना कशाची धास्ती वाटलेली मी पाहिली नव्हती. म्हटलं, "असं कसं? मी आहे की."

"तू किती दिस? तुझ्यामागं? ऐकणारं माणूस घरात नसलं की भोंगा म्हंजे निस्तं लाकूड."

विषय बदलायचा म्हणून विचारलं, "आक्का, रोज कामावरून आल्यावर भोंग्यांना नमस्कार का करत होता हो?"

आक्कांनी डोळे उघडले. "नमस्कार कसला? डबा गरम हाय का बघत हुतो."

"म्हणजे?"

"व्हॉल्व्ह गार व्हायला येळ लागतोय. तू दुपारी ऐकलंस की न्हाय, ते बघत हुतो."

माझ्या अंगावर पुन्हा एकदा पोहे सांडले. "मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

"बोललो असतो तर तू हट्टानं ऐकायचं सोडलं असतंस. मग माज्या भोंग्यातल्या चुका कुणी काढल्या असत्या? तुज्या नवऱ्याला तर समदंच ग्वाड लागायचं." आणि हसू लागल्या. "सर्दी तूच काढलीस की, शालन. घागर तूच फोडलीस. मला वाटत हुतं, बेस झालंय."

तेव्हा कळलं. मी ज्याला टोमणे समजत होते त्याच्या जोरावर या बाईनं भोंगे सुधारून घेतले होते, तेही माझ्याकडून, फुकटात. त्यानंतर चार-पाच दिवसांनी सकाळी आक्का गेल्या. दुपारी कुणाला तरी गाणं लावावंसं वाटलं असेल, पण लावलं कुणी नाही. डबा बरेच दिवस गार होता.

आता घरात माझी सून ऋतुजा. हुशार पोरगी, कागलच्या एमआयडीसीत एका कंपनीत आहे, आठवड्यातले काही दिवस घरून काम करते. तिनं केर काढणारा एक गोल रोबोट आणलाय. तो दिवाणाखालून जातो, टेबलाला वळसा घालतो आणि भोंग्यापाशी आला की धडका देत राहतो. वर्षश्राद्ध झालं आणि ऋतुजानं विषय काढला. "आई, रागवू नका. पण भोंगे काढूया? त्या भिंतीवर मोठा टीव्ही बसेल, खाली एक छोटा साउंडबार. आवाज खूप मोठा असतो त्याचा." मी मुलाकडे पाहिलं. तो म्हणाला, "दोघींचंही बरोबर आहे." आणि गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडला. रक्तात असतं एकेक.

मी म्हटलं, "काढू की. भंगारवाल्याला मीच बोलावते. पण आधी ऐक. ऐकून नको म्हण." सबंध एक बाजू ऐकवली. तिचं निम्मं लक्ष मोबाइलमध्ये. "छान आहे, आई," म्हणाली. 'छान' म्हणजे भंगारवाला आलाच दारात.

दोन-तीन आठवडे गेले. एकदा भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, "तसं आई, त्यात दोष आहेच. डावीकडचा खालच्या सुरात जरा फुरफुरतो. फक्त सतार असली की. गाण्याला नाही."

मी घास खाली ठेवला. तिला मी ऐकवलं होतं ते गाणं. सतार मी लावलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी चष्मा लावून, पाना घेऊन डाव्या भोंग्याला भिडले. गळ्याजवळचा एक बोल्ट सैल झाला होता. तो आवळला.

काल दुपारी भाजी आणायला गेले ती मुद्दाम लांबच्या मंडईत. परत आले तर घर शांत, ऋतुजा आतल्या खोलीत, लॅपटॉपपुढे पाठ ताठ करून अगदी कामात गढलेली. डब्यावर फडकं नीट घातलेलं. पोरगी माझ्यापेक्षा तरबेज आहे, घडीसुद्धा बरोबर घातली होती. रोबोट कोपऱ्यात भोंग्याला टेकून निपचित पडला होता. त्याचा आवाज मधे येतो म्हणून कुणीतरी बंद केला होता.

मी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि फडक्याखाली हात घालून तळवा टेकवला.

मग आत हाक मारली, "ऋतुजा, भूक लागलीया गं. वाढ."