माझ्या श्वासावर

काल सुनेनं माझ्या गुडघ्यासाठी गरम पाण्याची रबरी पिशवी आणली. त्या रबराचा वास आला आणि मी थेट पन्नासच्या दशकातल्या बंगळूरच्या इस्पितळात पोहोचलो.

पोलिओनं माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची छाती लुळी पडली होती. श्वास देणारं यंत्र एकच, त्यात दुसराच रोगी. म्हणून अण्णाच्या गळ्यातल्या नळीला रबरी पिशवी जोडून आम्ही घरचे पाळीपाळीनं आकडे मोजत ती दाबत होतो. मी मोजण्यात घोळ घालणार, हे नर्सअक्कानं ओळखलं.

“मोजू नका. तुम्ही श्वास घ्याल तेव्हा दाबा, सोडाल तेव्हा सोडा. श्वास घेता येतो ना?”

“तेवढं येतं,” मी ऐटीत म्हणालो.

तेही आलं नाही. अण्णानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि भीतीनं माझाच श्वास अडकला. त्याबरोबर हातही थांबला. अण्णाचे ओठ निळे पडू लागले, आणि मी शहाणा श्वास रोखून बघत राहिलो.

अक्कानं पिशवी हिसकावली. “स्वल्प, जरा बाजूला व्हा. आधी तुम्ही श्वास घ्या.”

अण्णा वाचला. पण आजही बोलता बोलता तो थांबला, की माझी मूठ आपोआप आवळते.