धवलारणीची कॅसेट

बेलापूरच्या सरकारी कचेरीत नोकरी लागली तेव्हा नव्वदीची सुरुवात होती. मी मूळची साताऱ्याकडची, नव्या सोसायटीत राहणारी आणि नको तिथं नाक खुपसणारी. सोसायटीच्या मागेच जुनं आगरी गाव होतं आणि कचेरीतली माझी मैत्रीण तिथलीच. तिच्यामागे लागून मी दर रविवारी गावात जाऊ लागले. खाडीच्या चिखलातल्या निवट्या माशांचं कालवण पहिल्यांदा खाल्लं तेव्हा तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, तरी तिसरी भाकरी मागून घेतली.

तिथंच धवलारीण भेटली. पूर्वी या गावच्या लग्नात भटजी नसायचाच. ही बाई वेशीवरच्या वाघोबापासून गावदेवीपर्यंत एकेका देवाला गाण्यातून मांडवात बोलवायची, हळद लावायची, लग्नही लावायची. आता लग्नाला भटजी येत होता. तिच्याकडे हळद तेवढी उरली होती आणि ती हळद ती जिवापाड जपत होती.

मला वाटलं, हे सगळं बुडणार, आपणच वाचवायला हवं. शिकलेल्या माणसाला असली खाज असतेच. टेपरेकॉर्डर घेऊन दोन दुपारी तिच्या ओटीवर बसले. म्हातारीनं जीव ओतून गायलं. तिची एक कॅसेट मी मोठ्या कौतुकानं मैत्रिणीलाही दिली.

पुढच्या उन्हाळ्यात मैत्रिणीच्या भावाची हळद होती. मांडवात शिरले तर कर्ण्यावर तोच आवाज. म्हातारीला कशाला त्रास, असं घरच्यांना वाटलं होतं. मनात वाईट कुणाच्याच नव्हतं. ती नवं लुगडं नेसून पाहुण्यांच्या सतरंजीवर बसली होती आणि हळदीचं ताट नवरदेवाच्या आत्याच्या हातात होतं. मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात कॅसेटची एक बाजू संपली. बायकांचे हळदीचे हात तसेच थांबले आणि सगळ्या म्हातारीकडे बघू लागल्या. आता ती उठेल, गाईल, अशी मला वेडी आशा वाटली. मैत्रीण तिला उठवायला पुढेही झाली. पण ती जागची हलली नाही. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "दुसरी बाजू लाव ना बाय. देव खोलंबलेत."

मी उठले आणि माझ्या हातानं कॅसेट उलटवली.