सांडवा कुठं काढायचा

लग्न होऊन उंद्रीजवळच्या आमच्या गावात आले तेव्हा मी सातवी पास होते आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. माहेर मलकापूरचं. अंगणात रेल्वेची शिट्टी ऐकू यायची, एवढ्या भांडवलावर मला जगातलं सगळं कळत होतं. बायकांना पत्रं वाचून दाखवताना मी मान अशी काही वाकडी करायची, की त्याचा फोटो असता तर आज मीच फाडला असता.

त्याच वर्षी बांधबंदिस्तीचे साहेब आले. तीन पायांच्या दुर्बिणीतून पाहायचे आणि शेतात चुन्याची रेघ मारायचे. त्या रेघेवर उताराला आडवा मातीचा बांध घातला की पाणी अडतं, माती वाहत नाही. याला ते समपातळी बांध म्हणत. गावात तो शब्द कुणाला कळेना. मी लगेच पुढे! "सम म्हंजे सारखं. पाणी सगळ्याइले सारखं भेटते." साहेब हसले. मला वाटलं, कौतुकानं.

आमचं शेत ह्यांचं आणि थोरल्या दिरांचं मिळून, वरून नाल्यापर्यंत उतरत गेलेलं. बांधाआड साठलेलं जास्तीचं पाणी जायला एक वाट ठेवावी लागते, तिला सांडवा म्हणतात. साहेबांनी तो वरच्या शेताच्या कडेनं, मुरमाड जागेतून काढायचं ठरवलं होतं.

मोजणीच्या आदल्या दिवशी भाकरी थापता थापता जाऊबाई म्हणाल्या होत्या, "पोरी, तू शिकेल आहे. साहेबाले सांग ना, पाणी खालच्या पट्टीतून काढा म्हणा. आमचं अडाण्याचं कोन ऐकते?" जाऊबाईंवर माझा जीव. माझी वेणी रोज त्याच घालायच्या.

झालं! दुसऱ्या दिवशी पदर सावरून मी शेतात व्याख्यानच दिलं. आमचे हे मोजणीच्या साखळीचं टोक धरून उभे होते.

"बाई, खालची माती भुसभुशीत आहे. घळ पडेल तिथं," साहेब म्हणाले.

"पडली तं पडली साहेब! वरचं काय न् खालचं काय, घर तं एकच हाये आमचं!"

लोकांनी माना डोलावल्या. जाऊबाई म्हणाल्या, "पाहा साहेब, आमची लहानी कशी बोलते!" साहेबांनी रेघ बदलली. भावांच्या सह्या झाल्या. त्याआधी कागद मीच वाचून दाखवला, खणखणीत आवाजात.

उन्हाळ्यात बांध झाले आणि अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, वाटणी झाली. वरचं शेत थोरल्यांना, खालची पट्टी आम्हाला.

पावसाळ्यात सांडव्याचं पाणी पट्टीतून असं धावलं, की मधोमध कमरेइतकी घळ पडली आणि ज्वारी नाल्यात गेली. वर बांधाआड मात्र गाळ बसला. थंडीत तिथल्या हरभऱ्याची भाजी जाऊबाईंनी मला पाठवली. मी ती खाल्ली. चांगली झाली होती, हे आणखी वाईट.

घळीच्या काठावर उभी राहून मी ह्यांना विचारलं, "वाटणी अशी होनार, तुमाले माहीत होतं?"

ते अंगठ्यानं माती उकरत म्हणाले, "हो. दादानं संक्रांतीलेच सांगतलं होतं."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"तू साहेबासंगं बोलून राह्यली होती. सारं गाव ऐकून राह्यलं होतं. मधात कसा बोलू?" मग हळूच म्हणाले, "मले लय बरं वाटून राह्यलं होतं."

जाऊबाईंवरचा राग दोन-चार वर्षांत निवला. त्यांना आपलं शेत वाचवायचं होतं, माझं तोंड आयतं मिळालं, त्यांनी वापरलं. पण ह्यांचं काय करावं ते कळेना. बायको आपल्याच हातानं आपलं शेत बुडवत होती आणि हा माणूस साखळी धरून खूश!

घळ पडली त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात तिच्यात दगडांचे आडवे बांध रचायला घेतले. दगड ह्यांनी वाहायचे. मी जाऊबाईंच्या बांधावर बसून सांगायची, "इथं नाही, तिथं. हा नाही, मोठा आना." बसवलेला दगड मी दोन-दोनदा काढायला लावला, काही कारण नसताना. ते काढत, पुन्हा बसवत. एकदाही त्यांनी काऊन म्हणून विचारलं नाही.