माझ्या नावावरचं घर

आमच्या कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सोळा पानांची एक पुस्तिका देतात. ती मी लिहिली आहे. पाणी उकळून प्या, गुरुवारी लाईट जाते म्हणून मोबाईल आधीच चार्ज करून ठेवा, शेअर रिक्षात तिघांच्या जागेवर चौथा बसला तर भांडू नका, हे सगळं माझंच. 'हिंजवडीच्या वाटेवर कुणी दहा मिनिटांत पोहोचतो म्हणालं तर एक तास धरून चाला' हे वाक्य प्राचार्यांनी खोडलं होतं. मी छापताना परत घातलं. इतका मला त्या पुस्तिकेचा गर्व होता. आता ती नवीन पोरांच्या हातात देताना मी दुसरीकडे बघते.

चाकणच्या कंपन्यांत येणाऱ्या कोरियन, जर्मन साहेबांना असल्या पुस्तिकेची गरज पडत नाही. त्यांच्या दिमतीला गाडी असते, एजंट असतो, त्यांचे कागद कंपनीचा माणूस फिरून फिरून करून आणतो. आमच्या पोरांच्या दिमतीला मी एकटी. परदेशी विद्यार्थी कक्ष अशी पाटी असलेली एक खोली, एक टेबल, आणि एक बाई जी कुणालाच नाही म्हणू शकत नाही.

त्या पोरांतला एक सुदानहून फार्मसी शिकायला आला होता. चार वर्षांचा कोर्स. उंच, सडपातळ, बोलायला हळू. चहाच्या टपरीवर उभं राहून मराठी शिकला, त्यामुळे प्रत्येक वाक्याला 'राव' लावायचा. मलाही. "मॅडम, बरं हाय ना राव?" बाईमाणसाला राव म्हणत नाहीत, हे मी त्याला दहा वेळा सांगितलं असेल. तो मान डोलवायचा आणि पुन्हा तेच म्हणायचा. शेवटी मी नाद सोडला.

तो दुसऱ्या वर्षाला असताना त्याच्या देशात लढाई पेटली. घर गेलं. आई आणि बहीण कशाबशा कैरोला पोहोचल्या. त्यानं मला हे ऑफिसात उभ्या उभ्या सांगितलं, आणि मग म्हणाला, आता डिग्री पूर्ण करणं एवढंच माझ्या हातात आहे. डिग्री मिळाली तर कुठेही नोकरी मिळेल, आईला बोलावून घेता येईल. बाकी काही मागत नव्हता बिचारा.

तिसऱ्या वर्षी कॉलेजने मुलांचं हॉस्टेल मुलींना दिलं आणि मुलांना बाहेर खोल्या बघायला सांगितलं. मी त्याच्याबरोबर घरं बघत हिंडले. माण, मारुंजी, वाकड. फोनवर खोली रिकामी असायची आणि दारात त्याचा चेहरा दिसला की ती कालच गेलेली असायची. एका बाईने तर त्याच्यासमोरच मला मराठीत सांगितलं, "ह्या रंगाचा माणूस आम्हाला सोसायटीत नको." तिला वाटलं त्याला कळत नाही. जिना उतरताना त्याने पुढच्या खोलीचा पत्ता विचारला. मला मात्र त्या बाईच्या दारावर लाथ मारावीशी वाटली होती.

मारुंजीत एक म्हातारे घरमालक भेटले. पूर्वीची शेती, आता त्याच जागी चार मजले. त्यांना तो आवडला. चहा पाजला, गावाकडचं विचारलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगं गुनी हाय ताई. आमची काय हरकत न्हाई. पर परदेशी मानसाचा तो पोलिसांचा फारम भरायचा म्हंत्यात, ते लफडं आमाला नगं. करार तुमच्या नावावर करा, पोरगं ऱ्हाऊ द्या की. कोन इचारतंय?"

परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने तशी नोंद करायची, आणि त्याने स्वतः नवा पत्ता लगेच कळवायचा, हा नियम मला माहीत नव्हता असं नाही. तो माझ्याच पुस्तिकेत सातव्या पानावर आहे. जाड अक्षरात आहे. तरीही कागदावर हॉस्टेलचाच पत्ता राहू दे असं त्याला सांगून, अकरा महिन्यांच्या करारासाठी मशीनवर मी माझा अंगठा दिला.

का दिला, हे सांगायला हवं. आमचे वडील धाराशिवकडून पिंपरीत आले आणि एका कंपनीत लेथवर लागले. आडनाव ऐकलं की लोक खोली देत नव्हते. तेव्हा विहारातल्या ओळखीच्या एका सुपरवायझरने स्वतःच्या नावावर खोली घेतली आणि आम्हाला आत ठेवलं. आमचा गॅस शेजारच्या मुसलमान मेकॅनिकच्या नावावर होता. माझा शाळेतला पत्ता तिसऱ्याच कुणाचा तरी. अर्धं पिंपरी-चिंचवड असंच वसलं आहे, एकाच्या नावावर दुसरा. त्याला आम्ही कधी खोटेपणा म्हटलं नाही, माणुसकी म्हटलं. आपल्याला जे मिळालं ते त्याला द्यावं, एवढाच माझा विचार होता. आणि खरं सांगायचं तर मला त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटलं.

दीड वर्ष छान गेलं. घरमालकांना तो औषधांच्या चिठ्ठ्या वाचून दाखवायचा. ते त्याला डाळिंबं आणून द्यायचे. करार संपला तेव्हा मी पुन्हा अंगठा दिला. मग शेवटच्या वर्षात मुदत वाढवून घ्यायची वेळ आली, कारण त्याची परीक्षा व्हिसाच्या तारखेनंतर पडत होती. नेहमीचंच काम. अशा वीस-पंचवीस पोरांचं मी केलं असेल.

त्याच्या कागदावर अजून हॉस्टेलचा पत्ता होता. पोलिसांचा चौकशीचा फोन हॉस्टेलला गेला. तिथल्या नव्या वॉर्डनबाईंनी खरं ते सांगितलं, इथे मुलं राहतच नाहीत.

तो कुठे राहत होता, हे विचारल्यावर त्याने मारुंजीचं नाव घेतलं. पुरावा मागितला. करार माझ्या नावावर, लाईटबिल मालकांच्या, गॅस मी दिलेला. त्याच्याकडे त्या घरात राहिल्याचा एक चिटोरा नव्हता.

मी परदेशी नोंदणीच्या पोलीस ऑफिसात धावत गेले. समोरचे साहेब चांगले होते, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. चूक माझी आहे, त्याची नाही, मीच त्याला असं करायला सांगितलं. ते म्हणाले, "लिहून देता?" मी दिलं. दोन पानं, सहीसकट. मला वाटलं, बाईने गुन्हा स्वतःवर घेतला म्हटल्यावर पोराला सोडतील. साहेबांनी दोन्ही पानं शांतपणे वाचली आणि म्हणाले, "मॅडम, म्हणजे तो नोंदवलेल्या पत्त्यावर राहत नव्हता, हे आता तुम्हीच लेखी दिलंत."

मुदतवाढ नाकारली गेली. देश सोडायचा हुकूम आला. परीक्षेला तेव्हा दोन महिने राहिले होते. मी प्राचार्यांकडे गेले, वकिलाकडे गेले, ज्याच्या त्याच्या पाया पडले. सगळ्यांनी ऐकून घेतलं. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. मला कॉलेजने एक नोटीस दिली, मी तिला उत्तर दिलं, आणि ती फाईलला लागली. मी आजही त्याच टेबलाशी बसते. घरमालकांना तर कुणी विचारायलाही आलं नाही. इथल्या माणसाला काही झालं नाही.

जायच्या दिवशी त्याने फरशी पुसली, ओटा घासला, भिंतीवरचा खिळासुद्धा काढून भोकात साबण भरला. मला चावी दिली. मी रडत होते. तो म्हणाला, "मॅडम, रडू नका राव. माझ्या बाजूने तुम्ही एकट्याच होतात." त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नंतर मी पुस्तिकेत एक ओळ वाढवली. 'घराचा करार स्वतःच्याच नावावर करा. कुणी मदत म्हणून स्वतःचं नाव देत असेल तर घेऊ नका.' प्राचार्यांनी ही ओळ खोडली नाही. पण ती वाचून एका नवीन मुलीने मला विचारलं, मग आम्हाला घर देणार कोण? मी तिला म्हटलं, बघू. बघू म्हणजे काय, हेसुद्धा पुस्तिकेत लिहायला हवं.

मागच्या आठवड्यात कैरोहून त्याचा मेसेज आला. आई आजारी आहे. तिघांना मिळून खोली मिळत नाही, सुदानी म्हटलं की लोक दार लावून घेतात. आता एकजण तयार झाला आहे. करार तो स्वतःच्या नावावर करणार, हे तिघं आत राहणार. घेऊ का, असं त्याने मला विचारलं होतं, कारण असल्या गोष्टी मलाच माहीत असतात. खाली लिहिलं होतं, 'माणूस खूप चांगला आहे. अगदी तुमच्यासारखा.'

मी 'बघू' एवढंच लिहिलं, आणि पाठवायच्या आधी खोडलं.