ज्याच्या दावणीचं जनावर

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षीची ही गोष्ट. आमचं गाव नांदेड जिल्ह्याच्या कडेला, ओढा ओलांडला की लातूर. माझं माहेर औशाकडचं. लातूर नवा जिल्हा झाला त्याच वर्षी माझं लग्न झालं आणि मी इकडे आले. तेव्हापासून गावाच्या बैठकीत कधी तोंड उघडलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात टँकर आठ दिवसांनी यायचा. बाकी सगळं गाव एका खोल बोअरवर. नांदेडच्या एका कॉलेजातल्या मॅडम त्या बोअरचं पाणी तपासायला घेऊन गेल्या होत्या. परत आल्यावर शाळेत बैठक झाली. मॅडम म्हणाल्या, या पाण्यात युरेनियम आहे. त्याला वास नाही, चव नाही. उकळून जात नाही, तुरटीनं बसत नाही. रोज पोटात गेलं तर मूत्रपिंडं खराब होतात.

माझी नात तेच पाणी पीत होती. चार वर्षांची.

मॅडमनी उपाय सांगितला. जनावरांची हाडं झाकणबंद पत्र्याच्या डब्यात भाजायची, आत हवा जाऊ द्यायची नाही. काळी झाली की कुटायची, चाळायची, धुवायची आणि टाकीत वाळूवर त्या भरडीचा थर द्यायचा. त्या काळ्या भरडीला युरेनियम चिकटून बसतं आणि चांगलं पाणी खाली येतं.

"हाडातलं पाणी? मी तोंडाला लावणार न्हाई," मोठ्या आळीतली म्हातारी काकू म्हणाली.

सरपंच हसले. "काकू, पाणी गाळून येतं. अन् हाडांना काय तोटा हाय? दुष्काळात लई जनावरं मेली, माळावर ढीग पडलाय." मग ते आमच्या वस्तीच्या बायकांकडे वळले. "तुम्ही आणा की उचलून. तुम्हाला सवय हाय."

मला सासरे आठवले. धर्म बदलला त्या वर्षी त्यांनी मेलेली ढोरं ओढायची दोरी वेशीत ठेवली आणि परत उचलली नाही. गावानं वर्षभर काम दिलं नाही. सासूबाई सांगायच्या, ते वर्ष अंबाडीच्या भाजीवर काढलं, पण दोरीला हात लावला नाही.

मी कधी उभी राहिले ते मलाच कळलं नाही.

"सवय सासऱ्यानं सोडली, सरपंच. भट्टी मी सांभाळीन, कुटीन, चाळीन. पण हाडं ज्याच्या दावणीचं जनावर, त्यानं आणायची."

"माझी म्हैस जिती हाय. मी काय आणू?" मागून एकजण म्हणाला.

"तुम्ही गवऱ्या आणा भट्टीला."

लोक हसले. मी खाली बसले.

पंधरा दिवस एकही हाड आलं नाही. मॅडमनी पाठवलेला डबा शाळेमागं तसाच पडून. वस्तीतलेच लोक मला बोलू लागले. शेजारीण म्हणाली, "आत्या, तुमच्या हट्टापायी लेकरं ते पाणी पिऊन राहिलेत. आणू की आपणच. एक दिवसाचं काम."

"एक दिवसाचं न्हाई. एकदा उचललं की दरसाल आपल्यालाच बोलावतील," मी म्हटलं. पण नातीला पेला भरून देताना हात अडायचा. टँकरचं पाणी तिच्यासाठी वेगळं झाकून ठेवायचे, ते चार दिवसांत संपायचं. तरीही माळाकडे मी गेले नाही.

सोळाव्या दिवशी भर दुपारी काकू आली. तीच, तोंडाला लावणार नाही म्हणणारी. डोक्यावर जुन्या लुगड्याचं गाठोडं. ती शाळेमागं थांबली आणि मला हाक मारली.

"माझ्या बैलाची हायेत," ती म्हणाली. "सुनेला दिवस गेलेत. म्हटलं, आपल्याच बैलाचं हाड, त्याचा कसला विटाळ?"

मी गाठोडं उतरवायला हात पुढे केला. तिनं मान हलवली. "राहू दे. माझं मीच उतरवते."

आम्ही दोघींनी भट्टी पेटवली. धूर गावभर गेला आणि बातमीही. दुसऱ्या दिवशी तीन घरं आली, मग सात. म्हैसवाला खरंच गवऱ्यांची पाटी घेऊन आला. काहीजण माझ्याकडे न बघता ओतून गेले. त्यांनी माझ्याकडे बघावं अशी मलाही गरज नव्हती.

टाकीत भरडीचा थर दिला, गाळून आलेलं पाणी पुन्हा तपासलं. मॅडमनी कागद वाचून मान डोलावली. पहिला पेला मी नातीला दिला, दुसरा काकूनं सुनेला.

हाडांची भरड काही महिन्यांनी थकते, युरेनियम धरेनाशी होते, मग बदलावी लागते. दुसऱ्या खेपेला सरपंच आले. खांद्यावर पोतं, तोंडाला उपरणं बांधलेलं. मी चाळत बसले होते. ते पोतं माझ्यापुढं टाकायला वाकले.

"इथं न्हाई, सरपंच," मी म्हटलं. "भट्टीजवळ न्या."

त्यांनी पोतं परत खांद्यावर घेतलं आणि भट्टीजवळ नेलं.